पुसलेल्या छत्तीस पिशव्या

पोलीस ठाणे पाथर्डी, जि. अहमदनगर
तारीख १५/४/१९९७, सकाळी ११ वाजून १० मिनिटे
विषय: कानिफनाथ भिमाजी ढाकणे, रा. तिसगाव यांचा तक्रारी अर्ज, त्याच्या चौकशीकामी जबाब

नाव इमॅन्युएल एलिया उजागरे, वय २२ वर्षे, धर्म ख्रिस्ती, शिक्षण नववी (दोन वेळा), धंदा मिळेल ते काम, सध्या नगर एमआयडीसीतील एका प्लॅस्टिक कारखान्यात माल पोचवणे, रा. भिंगार, ता. नगर.

ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले ते आणि न विचारलेले, दोन्ही माझ्या हाताने लिहून देतो की,

हा जबाब शुक्रवारीच लिहून व्हायला पाहिजे होता. शुक्रवार दि. ११ रोजी मी आपण होऊन ठाण्यात आलो. त्या दिवशी हवालदारसाहेबांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. ते म्हणाले, "नववी शिकलास ना? मग तूच लिही. मी सही घेतो." त्यांनी चार कोरे कागद, कार्बन आणि पेन दिले. मी नाव, वय, पत्ता लिहिला. मग चहा पिऊन येतो म्हणून बाहेर गेलो तो परत आलो नाही. शनिवारी आलो आणि फाटकातून माघारी गेलो. रविवारी आलोच नाही. सोमवारी दि. १४ रोजी मी तिसगावात होतो, ते पुढे येईल. पेन माझ्याकडेच राहिले होते, ते आज परत केले आहे.

उशीर का केला असे विचारल्यावरून सांगतो की, एकदा लिहिले की ते माझ्यावर येणार होते. दुसरे कारण नाही.

कारखान्यात वृषाली मॅडम म्हणून केमिस्ट आहेत. त्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदाला एका बाजूने औषधाचा हात देतात, भिंतीला रंगाचा हात देतात तसा. औषध म्हणजे विषारी काही नाही. सरबताच्या बाटलीत, जॅममध्ये घालतात त्यातलेच, असे मॅडम म्हणाल्या. त्या कागदाची पिशवी करताना औषधाची बाजू आत ठेवतात. खायचा पदार्थ आत भरला की त्याच्या अंगच्या ओलीने औषध थोडे थोडे सुटते आणि त्याला बुरशी धरत नाही. साधी पुरणपोळी दोन दिवस राहते, फार तर तीन. या पिशवीत आठ दिवस राहील असा मॅडमचा हिशोब होता. कारखान्यात त्यांनी ते करून पाहिले होते. बाहेर, खऱ्या दुकानात, खऱ्या उन्हाळ्यात करून पाहायचे बाकी होते.

त्यांना बनाबाईंचे नाव मी सांगितले. बनाबाई रंभाजी ससाणे या तिसगावच्या बौद्ध वस्तीत राहतात. त्या आणि आणखी चार बाया मिळून पोळ्या करतात. ग्रामपंचायतीने त्यांना स्टँडजवळ एक खोली दिली आहे. मागे मी टेम्पोवर क्लीनर होतो तेव्हा टेम्पो तिसगावात बंद पडला होता. ड्रायव्हर नगरला पार्ट आणायला गेला आणि मी दोन दिवस बनाबाईंच्या ओट्यावर जेवलो. तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला इम्या म्हणतात. त्यांची पोळी मी एकदा डब्यात कारखान्यात नेली होती. मॅडमनी अर्धी खाल्ली आणि विचारले, "ही कोणी केली?"

गुरुवार दि. २७ मार्च रोजी मॅडमनी माझ्याकडे चाळीस पिशव्यांचा गठ्ठा दिला. सोबत एक चिठ्ठी दिली. तिच्यात तीन ओळी होत्या. पहिली, पिशवी आतून पुसायची नाही व पाणी लावायचे नाही, आत पांढुरका थर दिसतो तेच औषध आहे. दुसरी, पोळी पूर्ण गार झाल्यावर भरायची. तिसरी, पिशवीचे तोंड लोखंड कापायच्या दोन हॅक्सॉ ब्लेडांमध्ये धरून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचे म्हणजे ते चिकटते. मॅडम म्हणाल्या, "इमॅन्युएल, पहिली ओळ मला वाचून दाखव." मी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "कळलं?" मी कळलं म्हणालो. म्हणजे मला कोणी सांगितले नाही असे मला म्हणता येत नाही.

दि. २८ रोजी सकाळी नऊच्या एसटीने मी तिसगावला उतरलो. स्टँडपासून बनाबाईंचे घर पाच मिनिटांवर आहे. त्या दिवशी रंगपंचमी होती आणि मढीची यात्रा होती. स्टँडवर जीपवाला ओरडत होता, "मढी, मढी, एकच सीट!" मी बसलो. त्याच दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडेही होता आणि मी खरे तर भिंगारला आईबरोबर चर्चमध्ये असायला हवा होतो. तो गुन्हा या ठाण्याच्या हद्दीत येत नाही.

मढीला गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडहून आलेली पांढरी गाढवे होती, त्यांच्या पाठीवर गुलाबी रंगाने नक्षी काढली होती. गाढव घेणारा आणि विकणारा रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, तोंडाने बोलत नाहीत. ते पाहताना माझा दिवस गेला. एका काठेवाडी म्हाताऱ्याला मी गठ्ठा सोडून पिशव्या दाखवल्या आणि यात पोळी आठ दिवस राहते असे सांगितले. तो म्हणाला, गाढव किती दिवस राहील? लोक हसले. त्या हसण्यात चार पिशव्या गठ्ठ्यात परत गेल्या नाहीत, माझ्या झोळीत तळाला गेल्या. त्याच दिवशी माझ्या अंगावर बादलीभर रंग पडला. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. बाहेर काढली तेव्हा ती जांभळी झाली होती आणि एकही अक्षर राहिले नव्हते. मी ती टाकून दिली. मला वाटले, तीनच तर ओळी आहेत.

इथे हवालदारसाहेब म्हणाले, "गाढवांचाही जबाब घ्यायचा का?" परंतु पिशव्या कशा सुटल्या आणि चिठ्ठी कशी गेली हे त्यातच आहे म्हणून ठेवले आहे.

शनिवार दि. २९ रोजी सकाळी मी बनाबाईंच्या घरी गेलो. पुरण शिजत होते. मी त्यांना मेणबत्तीचे सांगितले आणि पोळी गार करायचे सांगितले. ब्लेडने घरातली एक साधी पिशवी चिकटवूनही दाखवली, कारण ते मला आवडले होते. पहिली ओळ माझ्या ध्यानात आली नाही.

बनाबाईंनी एक पिशवी उजेडाला धरली. त्या म्हणाल्या, "इम्या, ह्यांला आतनं भुकटी लागलीय रे. पिठाच्या गिरनीतनं आनल्या का काय?"

मी म्हणालो, "कारखान्यातली धूळ आहे मावशी."

हे वाक्य मी बोललो. ते इथे लिहून मी दोनदा वाचले आहे.

मग त्यांनी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घातला आणि मलमलचे फडके घेतले. पिशवी मुठीवर उलटी चढवायची, ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने पुसायची, मग सुलट करून दोरीला चिमट्याने लावायची. त्यांची मुलगी भारती, वय १६, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन घरी होती. ती म्हणाली, "आई, नव्या हायेत की. बांधलेल्या गठ्ठ्यातल्या. कशाला पुसती?"

बनाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाच्या पोळीत केस निघाला तर लोक म्हनत्यात केस निघाला. आपल्या पोळीत निघाला तर आपली जात निघती. पूस गुमान."

भारतीने शर्यत लावली. बनाबाईंनी अकरा पुसल्या, मी अकरा पुसल्या, भारतीने चौदा. एकूण छत्तीस. दोरीवर उन्हात त्या काचेसारख्या दिसत होत्या. बनाबाई म्हणाल्या, "आता कशा दिसत्यात बघ." मी म्हणालो, "एकच नंबर."

दुपारी पोळ्या झाल्या, गार झाल्या, भरल्या. एका पिशवीत दोन. चार वाजण्याच्या सुमारास क्रेट मी डोक्यावर घेतला आणि आम्ही अर्जदार कानिफनाथशेठ यांच्या चहा-फराळाच्या दुकानात गेलो. आठ दिवसांत या विकायच्या, रोज एक फोडून बघायची, असे मॅडमचे आणि त्यांचे आधी ठरले होते. शेठ म्हणाले, "ठेवतो. पण पाकिटावर कोनी केल्या ते नको. आठ दिवस टिकनारी पोळी, एवढंच लिवा." बनाबाईंनी क्रेट माझ्या डोक्यावरून उतरवून घेतला.

शेठचे वडील भिमाजीबाबा, वय अंदाजे ७२, बाकावर बसले होते. ते म्हणाले, "का रं कान्हू, पोळी काय आभाळातनं पडली म्हनून सांगनार का गिऱ्हाइकाला?" मग त्यांनी हात पुढे केला. "आन बना हिकडं, चव तर बघू." त्यांनी तिथेच एक पाकीट फोडून एक पोळी खाल्ली. "जायफळ कमी घातलंस."

बनाबाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या जिभेला कमी लागतंय. पुरनात हाय तेवढंच हाय."

"दात गेलं गं, जीब हाय अजून."

बाकावर आणखी दोन जण होते. ते चहा अर्धा टाकून उठले आणि पलीकडच्या टपरीवर गेले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि पाकिटातली दुसरीही पोळी खाल्ली.

मी निघताना बनाबाईंकडे आईसाठी पोळ्या मागितल्या, कारण दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. घरी आठ पोळ्या उरल्या होत्या. झोळीतल्या चार पिशव्या मी काढून दिल्या. त्या पुसायला बनाबाईंनी फडके शोधले. तेवढ्यात रस्त्यावर ट्रक हॉर्न देत होता, त्याला मी थांबवून ठेवले होते. मी म्हणालो, "राहू दे मावशी, घरचंच आहे." त्या म्हणाल्या, "घरचं म्हनून घान चालतं व्हय?" परंतु ट्रक निघाला होता. त्यांनी तशाच भरल्या आणि मेणबत्तीवर चिकटवून दिल्या.

ट्रक नगरमार्गे जाणार होता. भिंगारला मी उतरायला हवे होते. ड्रायव्हर म्हणाला, पुणतांब्याला कांदा काढणीला माणसे कमी आहेत आणि घाटावर झोपायला चांगले आहे. मी उतरलो नाही. ईस्टर मी पुणतांब्यात गोदावरीच्या पाण्यात पोहून केला. तिथे अकरा दिवस राहिलो. तिथे तयार जेवण मिळत होते आणि झोळी मी उशाला घेत होतो. तळाला काय आहे हे विसरलो.

गुरुवार दि. ३ एप्रिल रोजी शेठच्या दुकानातली पाकिटे पाचव्या दिवशी गिऱ्हाइकांनी फोडली, त्यातले खाऊन सात जणांना उलट्या-जुलाब झाले, आणि घरच्या घरी दोन पोळ्या खाल्लेले भिमाजीबाबा सगळ्यांत जास्त आजारी पडून नगरच्या दवाखान्यात गेले, हे सर्व मला नंतर कळले. बाबांना डोळ्यांनी कमी दिसते. बुरशीचे ठिपके त्यांना दिसले नसावेत. ते मी पाहिलेले नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

बुधवार दि. ९ रोजी संध्याकाळी मी भिंगारला घरी पोचलो. वृषाली मॅडम आमच्या बाजेवर बसल्या होत्या. त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या असे आई म्हणाली. माझी आई एंजेलाबाई हिने मला पाणीसुद्धा विचारले नाही. "ईस्टरला येतो म्हणालास. कोणत्या सालच्या?" असे म्हणून तिने झोळी उपडी केली. त्यातून कपडे पडले, कांदे पडले आणि त्या चार पिशव्या पडल्या.

मॅडमनी एक उचलून दिव्याला धरली. आत पांढुरका थर होता. त्यांनी ती कात्रीने फोडली. वास घेतला. पोळीला कुठे ठिपका नव्हता. पोळी अकरा दिवसांची होती. त्यांनी तुकडा मोडून खाल्ला. मग आईने खाल्ला, मग मी. आम्हाला तिघांना आजपर्यंत काहीही झालेले नाही.

मॅडम म्हणाल्या, "ह्या पुसल्या नाहीत?"

मी नाही म्हणालो.

"आणि बाकीच्या?"

मी सांगितले. छत्तीस पिशव्या, सोडा, फडके, दोरी. मॅडमनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली. कारखान्याने त्यांना रजेवर पाठवले आहे आणि कुणाशी बोलू नका असे सांगितले आहे, हे मला तेव्हा कळले. तरी त्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी बनाबाईंना जाऊन विचारलं, पिशव्यांना काही केलंत का? त्या म्हणाल्या, स्वच्छ केल्या. एवढंच. आणखी कोण होतं, तर म्हणाल्या, मीच होते."

उरलेल्या तीन पिशव्यांपैकी एक मॅडमनी तपासायला नेली. दोन मी शुक्रवारी ठाण्यात दिल्या, त्या दोन पंचांसमक्ष लाख लावून कपाटात ठेवल्या आहेत. आज त्यांचे काय झाले असेल ते मला माहीत नाही. हवालदारसाहेब म्हणतात, कपाटाला अजून वास आलेला नाही.

काल सोमवार दि. १४ रोजी मी तिसगावला गेलो. बाबासाहेबांची जयंती होती. वस्तीत निळे झेंडे लावले होते, स्पीकर चालू होता. स्टँडजवळच्या खोलीला ग्रामपंचायतीचे कुलूप होते. दर वर्षी जयंतीचा स्वयंपाक बनाबाई आणि त्यांच्या बाया करतात. यंदा पाथर्डीहून आचारी आणला होता. पंक्ती बसल्या होत्या. बनाबाई वाढायलाही उभ्या नव्हत्या. त्या घरी ओट्यावर बसल्या होत्या, नवे पांढरे पातळ नेसून.

मला पाहून म्हणाल्या, "जेवलास का?"

मी म्हणालो, "मावशी, ती धूळ नव्हती. ते औषध होतं. पुसू नका म्हणून मला सांगितलं होतं. मी विसरलो."

त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी म्याच माझ्या हातानं पुसलं व्हय ते." पुढे म्हणाल्या, "भारतीला सांगू नगंस. तिनं चौदा पुसल्यात."

हे शेवटचे लिहायला नको होते, परंतु लिहिलेले खोडता येत नाही असे हवालदारसाहेब म्हणतात. भारतीच्या चौदा माझ्या नावावर धराव्यात अशी विनंती आहे. माझ्या अकरा धरून पंचवीस होतात. उरलेल्या अकरासुद्धा मी धूळ आहे म्हणालो म्हणून पुसल्या गेल्या.

अर्जात "अस्वच्छ हातांनी केलेल्या पोळ्या" असे लिहिले आहे. ते बरोबर नाही. मी तिथे होतो. एवढी स्वच्छता मी दवाखान्यातही पाहिलेली नाही. कमी केली असती तर चालले असते. कानिफनाथशेठ यांचाही दोष नाही, त्यांना आठ दिवस सांगितले होते आणि त्यांचे वडील आजारी आहेत. मॅडमचाही नाही, त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावले होते. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. बनाबाईंचे नाव काढावे व खोलीचे कुलूप काढावे. मी या वेळी कुठे जाणार नाही. पत्ता वर दिला आहे तो खरा आहे.

एवढे मी लिहिले. हवालदारसाहेबांनी ते बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचले. मी उभे राहून ऐकले. जसे घडले तसेच उतरले आहे. म्हणून सही करतो.

इमॅन्युएल एलिया उजागरे

ता.क. सही करताना दारात गडबड झाली म्हणून हे खाली लिहितो. बाहेरच्या बाकावर एका टोकाला कानिफनाथशेठ आणि दुसऱ्या टोकाला बनाबाई सकाळी दहापासून चौकशीसाठी बसले आहेत. बनाबाईंच्या मांडीवर डबा आहे, तो त्यांनी उघडलेला नाही. आत्ता भिमाजीबाबा आले आहेत. ते दवाखान्यात न सांगता नगरहून एसटीने एकटेच आले आहेत. अंगात दवाखान्याचा सदरा आहे आणि मनगटाला सलाईनची पट्टी तशीच आहे. शेठ उठून उभे राहिले, "आबा, तुमी?" म्हणाले. बाबा त्यांच्याकडे गेले नाहीत. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि म्हणाले, "बना, डब्यात काय हाय?"

"भाकर हाय बाबा. तुमाला न्हाई सोसायची."

"बारा दिस पेज पितूय. काढ."

हवालदारसाहेबांनी रजिस्टर मिटले आहे. बनाबाई उठून ठाण्याच्या नळावर हात धुवायला गेल्या आहेत, अजून धुतच आहेत. बाबा इथूनच हाक मारत आहेत, "अगं किती धुशील? ये आता."